लँडस्केप डिझाइन कार्यालय कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवण्यापूर्वीची तयारी

गोव्यातील एखाद्या लँडस्केप डिझाइन कार्यालयाच्या संस्थापकाने आपले काम बाहेरच्या खरेदीदाराला न विकता तेथेच घडलेल्या माणसांकडे सोपवायचे ठरवले, तर निर्णयाचा अधिकार आणि मालकी अशा दोन गोष्टी त्याला हस्तांतरित कराव्या लागतात. या दोन्हींची तयारी स्वतंत्रपणे करावी आणि शक्यतो अधिकार आधी, समभाग नंतर द्यावेत. नेमलेला प्रमुख बदलता येतो, पण विकलेले समभाग परत मिळवणे अवघड असते.

पहिली तपासणी घरातली आहे, आणि बाहेरच्या राज्यांतील सल्लागारांकडून बहुधा तीच राहून जाते. विवाहपूर्व करार नसेल तर गोव्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून संस्थापकाच्या नावावरील समभागांत जोडीदाराचा निम्मा वाटा धरूनच हिशेब सुरू करावा. मुले असतील, तर स्वतःच्या उरलेल्या निम्म्यापैकीही अर्धाच भाग दानाने किंवा मृत्युपत्राने इच्छेप्रमाणे देता येतो. बाकीचा वारसांसाठी राखीव असतो. २०१२ चा गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा याच चौकटीवर उभा आहे, आणि गोमंतकीयाच्या भारतात गोव्याबाहेर असलेल्या मालमत्तेच्या वारशालाही गोव्याचाच कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. तेव्हा कंपनी मुंबईत नोंदवून हा प्रश्न सुटत नाही. समभाग दान न करता रास्त किमतीला विकावेत, जोडीदाराची लेखी संमती घ्यावी आणि मसुदा मुलांनाही सही होण्याआधी वाचायला द्यावा. सामाईक मालमत्तेचा हाच नियम समभाग घेणाऱ्या गोमंतकीय कर्मचाऱ्यालाही लागू पडत असल्याने त्याच्या जोडीदाराचीही संमती करारावर असावी. कर्नाटकातून किंवा महाराष्ट्रातून आलेल्या सहकाऱ्याची स्थिती वेगळी असू शकते, म्हणून प्रत्येकाची चौकशी वेगळी करावी.

त्यानंतर कार्यालयाचे कायदेशीर रूप पाहावे. एकल मालकीत वाटायला समभागच नसतात आणि एलएलपीत, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीतही, नसतात. तेथे कर्मचाऱ्याला भागीदार म्हणून करारात घ्यावे लागते. एकल मालकीचे खाजगी कंपनीत रूपांतर करताना भांडवली नफ्यावरील करसवलत हवी असेल, तर संस्थापकाला किमान ५० टक्के मताधिकार पाच वर्षे स्वतःकडे ठेवावा लागतो. याचा सरळ अर्थ असा, की साठीला निवृत्त होऊन बहुमत सोडू इच्छिणाऱ्याने पंचावन्नाव्या वर्षापूर्वीच रूपांतर उरकलेले बरे.

कर्मचारी समभाग पर्याय योजना, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे समभाग घेण्याचा पर्याय कर्मचाऱ्याला देणारी ईसॉप, हे नाव सर्वांच्या तोंडी असते, पण तिच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवली जाते. नेहमीच्या पद्धतीत ती नवे समभाग देते आणि त्यांचे पैसे कंपनीत जमा होतात. निवृत्त होणाऱ्या संस्थापकाच्या हाती त्यातून काहीच पडत नाही. त्याला मोबदला हवा असेल तर त्याने स्वतःचे समभाग टप्प्याटप्प्याने विकण्याचा वेगळा करार करावा, आणि घेणाऱ्याला ती रक्कम वार्षिक बोनसमधून फेडता येईल असे हप्ते ठरवावेत. योजनेत पर्याय दिल्यापासून तो वापरण्याचा हक्क मिळेपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. शिवाय, नोंदणीकृत स्टार्टअपची सवलत सोडल्यास, दहा टक्क्यांहून अधिक भाग असलेला संचालक तिला पात्र नसतो. म्हणून नियोजित उत्तराधिकाऱ्याने थेट खरेदीच करावी. पर्याय वापरताना बाजारमूल्य आणि भरलेली किंमत यांतील फरक पगारात धरून त्यावर कर लागतो, समभाग विकून रोख हाती आलेली नसली तरी. नाममात्र किमतीचा उदारपणा ड्राफ्ट्समनला किंवा साइट सुपरवायझरला महागात पडू शकतो, आणि हे त्याला आधी आकड्यांसह समजावून सांगावे. मूल्यांकनापूर्वी ग्रॅच्युइटीचे देणे आणि थकलेली डिझाइन फी यांचा खरा आकडा ताळेबंदात आणावा.

अधिकाराच्या हस्तांतरासाठी ऑक्टोबरचा मुहूर्त चांगला, कारण पाऊस ओसरला की साइट मोकळ्या होतात आणि नव्या प्रमुखाला कोरड्या महिन्यांतील बांधकाम, मे महिन्यातील निचऱ्याची तपासणी आणि जूनमधील लागवड असे पूर्ण चक्र स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडता येते. या वर्षात संस्थापकाने साइटवर जाऊन सूचना देण्याचा मोह आवरावा. मुकादमाने एकदा जुन्या साहेबांना विचारून काम केले, की नव्याचा शब्द चालेनासा होतो. मात्र संस्थापकाच्या डोक्यातले ज्ञान कागदावर यायलाच हवे. जांभ्याच्या सड्यावर खड्डा किती खोदला तर मूळ धरते, खाजनाच्या, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीच्या, कडेला खारे पाणी कोणत्या महिन्यात वर येते, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात उंडी टिकते पण कोणती झाडे करपतात, भिरंडीची आणि सुरंगीची चांगली रोपे कोणत्या नर्सरीत मिळतात, कोणता ग्राहक फोनवर होकार देतो आणि बिलावर नाकारतो, या नोंदी साइटनिहाय लिहून घ्याव्यात. मोठ्या ग्राहकांच्या बैठकांना उत्तराधिकारी आधी सोबत, मग एकटा जावा. दोघे उत्तराधिकारी असतील तर डिझाइनचा अंतिम शब्द कोणाचा आणि पैशाचा कोणाचा, हे लेखी ठरवावे. ‘दोघे मिळून बघतील’ ही व्यवस्था नव्हे.

नावाचीही छाननी हवी. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तींपुरती व त्यांच्या फर्मपुरती राखीव आहे. मालकीत माळीकामाचे प्रमुख, अभियंते आणि लेखापाल येणार असतील तर फलकावरील तो शब्द टिकेल का, हे आधी तपासावे. संस्थापकाने एकल मालक म्हणून काढलेल्या जुन्या ड्रॉइंगचा कॉपीराइट त्याच्या स्वतःकडे असतो, तो लेखी कराराने कंपनीकडे द्यावा आणि त्यात मुदत स्पष्ट लिहावी. मुदत न लिहिल्यास कायदा ती पाच वर्षेच धरतो. नर्सरी किंवा कार्यालय कुटुंबाच्या जागेत असेल तर ती जागा व्यवहारातून वगळून कंपनीशी नोंदणीकृत भाडेकरार करावा.

शेवटी कंपनीच्या नियमावलीत बाहेर पडण्याची कलमे घालावीत. राजीनामा, निवृत्ती, मृत्यू आणि शिस्तभंग या चारही प्रसंगी समभाग आधी सहकाऱ्यांनाच देऊ करावे लागतील, किंमत कोणत्या सूत्राने निघेल आणि पैसे किती हप्त्यांत मिळतील, हे त्यात असावे. नियमावली बदलायला विशेष ठराव आणि त्या ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात, त्यामुळे संस्थापकाने २६ टक्के जरी स्वतःकडे ठेवले तरी नियमावलीतील प्रत्येक बदल त्याच्या संमतीवर अडतो; ते समभाग तो कोणत्या तारखेला सोडणार, ती तारीख त्याच करारात लिहून घ्यावी.