ठिबकच्या टाइमरची वेळ एका भाषेतून दुसरीत पाठवण्याआधी

जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांसाठी आम्ही ठिबकचे टाइमर बनवतो. व्हॉल्व्हपाशी छोटा बोर्ड, त्यावर सी. शेडमध्ये लहान संगणक, त्यावर पायथन. शेतकऱ्याच्या मोबाइलवर कोटलिन. पाणी कधी सोडलं आणि कधी बंद केलं, ही एकच वेळ या तिन्ही प्रोग्रामिंग भाषांतून जाते. कामावर नवीन येणाऱ्यांनी कंपाइल (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर) करण्याआधी काय काय बघून घ्यायचं, ते लिहून ठेवतोय.

कोडला हात लावण्याआधी दोन गोष्टी वहीत लिहा: किती बिट आणि कोणतं एकक. आमचं ठरलंय ते असं: एका भाषेतून दुसरीत जाणारी प्रत्येक वेळ ६४ बिटांची, चिन्हासह (म्हणजे ऋण आकडाही चालतो), १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद, यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपल्या घड्याळासाठीचे साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद, फक्त पडद्यावर दाखवताना मिळवायचे. एकक नावातच हवं. नुसतं ‘वेळ’ नाव दिलेला आकडा मी परत पाठवतो.

मग सीची हेडर फाइल (जिथे आकड्यांचे प्रकार जाहीर केलेले असतात ती) उघडा आणि तिथून ‘लाँग’ (पूर्णांकाचा प्रकार) व ‘टाइम-टी’ (सीचा वेळेचा प्रकार) काढून टाका. कोटलिनचा लाँग कुठेही ६४ बिटांचाच. सीचा लाँग ६४ बिटी लिनक्सवर ६४ आणि ६४ बिटी विंडोजवर ३२. नाव एकच असल्यामुळे फसगत सहज होते. टाइम-टीची रुंदी तर सीच्या मानकाने बांधूनच दिलेली नाही. एव्हीआर या छोट्या चिपच्या बोर्डांच्या सी लायब्ररीत ती ३२ बिटांची, बिनचिन्ही, आणि मोजणी १ जानेवारी २००० पासून. म्हणजे १९७० ते २००० मधले ९४,६६,८४,८०० सेकंद मिळवायचं काम बोर्डावरच उरका, पायथनपर्यंत नेऊ नका.

पायथनमधून सीची फंक्शन बोलावणाऱ्या सीटाइप्स या मॉड्यूलपाशी मात्र थांबा. फंक्शनचा परतीचा प्रकार सांगितला नाही, तर सीटाइप्स तो सीचा साधा इंट धरतं, म्हणजे ३२ बिट. सेकंदांचा आजचा आकडा त्यात मावतो, म्हणून चूक दिसतच नाही. आमच्याकडे ती महिनोन्‌महिने लपून राहिली. सेकंदांचे मिलिसेकंद केले त्या दिवशी नोंदींच्या तारखा एकदम भलत्याच यायला लागल्या. परतीचा प्रकार आणि प्रत्येक आर्ग्युमेंटचा (फंक्शनला दिलेल्या आकड्याचा) प्रकार लिहिल्याशिवाय एकही कॉल करू नका.

चिन्हासह ३२ बिटी सेकंद संपतात १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला आकडा १९०१ च्या डिसेंबरात जातो. अजून वेळ आहे असं म्हणू नका. २० वर्षांच्या कर्जाचं हप्त्यांचं वेळापत्रक आजच त्या तारखेपलीकडे जातं. जुन्या ३२ बिटी लिनक्ससाठी ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३४ पासून, म्हणजे २०२१ पासून, ६४ बिटी वेळेचा पर्याय आहे. पण तो सगळ्या फाइलींना एकसारखा द्या. अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या फाइली लिंक झाल्या, तर कंपाइलर बहुधा गप्प राहतो.

स्ट्रक्टमध्ये (सीमधल्या एकत्र बांधलेल्या नोंदीत) ६४ बिटांची फील्ड आधी ठेवा. व्हॉल्व्हचा ३२ बिटी नंबर आधी आणि वेळ नंतर असेल, तर ३२ बिटी इंटेल लिनक्सवर वेळ चौथ्या बाइटपासून सुरू होते, एआरएमवर आठव्या. रिकाम्या बाइट स्वतः भरा आणि आकार स्टॅटिक असर्टने (कंपाइल करतानाच होणाऱ्या तपासणीने) बांधा.

कालावधी ही वेगळी गोष्ट. बोर्डावरचा मिलिसेकंदांचा ३२ बिटी काउंटर ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो. एका उन्हाळ्यात आमचा व्हॉल्व्ह त्यामुळे रात्रभर उघडा राहिला. ‘आत्ता’ हा आकडा ‘संपण्याच्या वेळे’पेक्षा मोठा झाला का, एवढंच आम्ही तपासत होतो, आणि मधेच काउंटर शून्यावर आला. विहिरीत उरलेलं पाणी एकाच ओळीला गेलं. त्या शेतकऱ्यासमोर उभं राहिलो तो दिवस विसरत नाही. बिनचिन्ही वजाबाकी करा: आत्तामधून सुरुवात वजा, आणि ती कालावधीएवढी झाली की बंद.

शेवटी चाचणी, प्रत्येक बोर्डावर आणि प्रत्येक संगणकावर. १९६९ चा शेवटचा सेकंद, २०३८ च्या त्या क्षणाच्या अलीकडचा आणि पलीकडचा, आणि २१०० सालची एखादी तारीख बोर्डापासून मोबाइलपर्यंत पाठवून परत आणा. मग काउंटर ४,२९,४९,६०,००० वर ठेवा आणि दहा सेकंदांचं पाणी सोडा. सातव्या सेकंदानंतर तो शून्यावर येईल. दहाव्याला व्हॉल्व्ह बंद झाल्याचा आवाज त्याच्याजवळ उभं राहून स्वतःच्या कानांनी ऐका.