आधी टायर ठरवा, मग चाक

ट्रॅकवर पळवायच्या गाडीला आधी देखणी चाकं घेतली, की त्या मापाचा चिकट टायरच मिळत नाही. उलटं करा. माझदा एमएक्स-5 च्या पहिल्या दोन पिढ्यांसाठी टायर 205/50 आर15 धरा (205 मिमी रुंद, उंची रुंदीच्या 50 टक्के, 15 इंची चाकाचा). त्याला 15 इंची, 8 इंच रुंद चाक झकास बसतं. पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचं माप, 4x100 (4 बोल्ट, 100 मिमी व्यास), मधलं भोक 54.1 मिमी.

चाकाचं भोक याहून मोठं असेल तर फट भरणारी रिंग अ‍ॅल्युमिनियमची घ्या, प्लास्टिकची ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडते.

मोठे कॅलिपर (ब्रेकचे जबडे) बसवलेत? त्यांच्या आकाराचा पुठ्ठा कापून चाकाच्या आत फिरवून बघा. घासला तर ते चाक नको, कितीही स्वस्त असो.

जुना टायर घेताना मात्र बाजूचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असतं.