डोंगरातली मुक्कामी रपेट: घोडा पाणी प्यायला का, ते आधी बघा

दुडकी चाल जमते, घोडा भरधाव सोडला तरी मांड हलत नाही, मग घोड्यांसह डोंगरात मुक्कामाला जायला अजून काय यायला हवं, असं नवे लोक नेहमी विचारतात. मैदानात तुम्ही आणि तुमचा घोडा, दोघंच असता. दहा-बारा घोडी अरुंद वाटेवर एकामागे एक चालायला लागली की तुमचा घोडा आधी त्या ओळीचं ऐकतो, मग जमलं तर तुमचं. पुढचा बुजला की कशाला बुजला ते न बघताच हाही बुजतो. पुढचा वळणाआड गेला की खिंकाळत, आडवा होत निघतो. घरी गरीब गाय असलेला घोडा असा वागला की स्वाराला धक्का बसतो. बसू दे. घोडा बिघडलेला नसतो, कळपातला प्राणी कळपात आल्यावर असाच वागतो.

चालण्याचे नियम तुम्हाला माहीत असतील, म्हणून भरभर सांगते. आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्याचे मागचे खूर दिसत राहतील एवढं अंतर ठेवा. खूर दिसेनासे झाले म्हणजे तुम्ही लाथेच्या टप्प्यात आहात. शेपटीला लाल फीत दिसली तर तो घोडा लाथ मारणारा, अंतर दुप्पट करा. निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी उतरून तंग, म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळा, कारण तंग कसताना बरेच घोडे पोट फुगवतात. चढावर पुढे झुका, आयाळ धरली तरी चालेल, त्यात कमीपणा नाही. उतारावर लगाम सैल सोडा, त्याला मान खाली घालून वाट बघू द्या. आणि वळणं टाळून सरळ खाली घुसणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. त्या आडवाटेने दोन मिनिटं वाचतात आणि घोड्याचे गुडघे फुटतात.

आता पाणवठा. इथे मी थांबणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

ओढा लागतो. पुढचे तीन-चार घोडे पाण्यात उतरतात, पितात, पलीकडच्या काठावर चढून चालू लागतात. मागच्यांनी नुकती मान खाली घातलेली असते. ओठ पाण्याला लागतात, तेवढ्यात पुढच्या टापांचा आवाज लांब जातो आणि मान झटक्यात वर येते. कान पुढे, नाकपुड्या फुललेल्या, पाय अस्वस्थ. स्वाराला वाटतं, याला तहान नाही. तहान असते, पण कळप निघून जातोय ही भीती तहानेपेक्षा मोठी असते. दिवसभरात प्रत्येक पाणवठ्यावर हेच होतं आणि ओळीतले शेवटचे दोन-तीन घोडे संध्याकाळपर्यंत जवळजवळ कोरडे राहतात.

त्यात घामाचा घोळ. घोड्याच्या घामात मीठ खूप असतं, आपल्या घामापेक्षा कितीतरी जास्त. पाण्याबरोबर मीठही तेवढंच गेल्यामुळे रक्त फारसं घट्ट होत नाही आणि मेंदूला तहानेची खूण उशिरा मिळते. म्हणजे सगळ्यात जास्त घामाघूम झालेला घोडाच 'मला नको' म्हणू शकतो. त्याच्या म्हणण्यावर विसंबू नका.

मुक्कामावर आल्यावर हाच घोडा सुक्या गवतावर तुटून पडतो. साडेचारशे किलोचा घोडा दिवसाला सात ते नऊ किलो सुका चारा खातो. तो पोटात पुढे सरकायला एरवी पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं आणि घाम गाळलेल्या दिवशी बरंच जास्त. पाणी नसलं की चारा आतड्यात अडतो आणि पोटशूळ उठतो. माझ्या घोडीचं हेच झालं. मी ओळीत शेवटून दुसरी होते आणि आमच्या म्होरक्याला अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा होता, म्हणून पाण्यावर थांबणं त्याला वेळेचा अपव्यय वाटायचा. रात्री घोडी वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली, पुढच्या पायाने माती उकरायला लागली, लीद बंद. पशुवैद्य येईपर्यंतचा वेळ मी अजून विसरलेले नाही. घोडी वाचली. पण 'अनुभवी माणूस पुढे आहे ना' हे वाक्य तेव्हापासून माझ्या गळी उतरत नाही. वर्षानुवर्षं ओळीच्या पुढे चालणाऱ्याला मागे काय होतं ते ठाऊकच नसतं.

म्हणून पाण्यावर एकच नियम: शेवटचा घोडा पिऊन होईपर्यंत पहिला हलत नाही. घोडा पिताना कान बघा. प्रत्येक घोटाला कान मागे-पुढे हलतात, नुसते ओठ भिजवत असेल तर हलत नाहीत. एकदा मान वर केली म्हणजे संपलं असं नाही. बरेच घोडे थांबतात, इकडेतिकडे बघतात, पुन्हा पितात. तेवढा वेळ द्या. फक्त पायाने पाणी उडवायला लागला तर लगेच पुढे काढा, नाहीतर खोगिरासकट लोळण घेईल.

'तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये' असं सांगणारे जुने जाणते भेटतील. नमस्कार करा आणि पाणी पाजा. लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोडे वाटेत मिळेल तिथे पितात आणि पुढे चालत राहतात. परक्या पाण्याला नाक मुरडणाऱ्या घोड्यासाठी निघण्याआधी काही दिवस घरच्या पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायची सवय लावा, मग मुक्कामावरच्या बादलीतही तोच घाला. चारा भिजवून द्या. घोडा शांत करणाऱ्या पुड्या आणि तोंडात अडकवायची कडक कडियाळी विकत घेण्याआधी हे करून बघा. त्या दोन्ही गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही.

मुक्कामावर खोगीर उतरवलं की दहा-पंधरा मिनिटांनी घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे हात ठेवून हृदयाचे ठोके मोजा. विश्रांतीत ते मिनिटाला २८ ते ४४ असतात. ६० च्या खाली यायला तयार नसतील तर घोडा थकव्याच्या पलीकडे गेलाय. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. कुशीला कान लावा: गुडगुड ऐकू आली तर बरं, पूर्ण शांतता असेल तर चारा काढून घ्या आणि पशुवैद्याला फोन करा. त्यांना विचारल्याशिवाय दुखण्यावरचं औषध टोचू नका.

रात्री बांधायचं ते दोन झाडांमध्ये, घोड्याच्या डोक्याहून उंच ताणलेल्या दोराला. बुंध्याभोवती रुंद पट्टे घाला, साल सोलवटत नाही. मोहरकीचा, म्हणजे घोड्याच्या तोंडाभोवतीच्या बंदाचा, दोर एवढाच ठेवा की तोंड जमिनीला पोचेल, पण पाय अडकेल असा झोल राहणार नाही. गाठ एका ओढीत सुटणारी हवी. ओळखीचे घोडे शेजारी, भांडकुदळ टोकाला.

हे सगळं वाचून धडकी भरली असेल तर एक सांगते: यातलं काहीही करायला उत्तम स्वार असावं लागत नाही. वाट अवघड वाटली तर खाली उतरून चाला. शेवटचा टप्पा तंग सैल करून घोड्याबरोबर पायी चालणारेच मला भरवशाचे वाटतात. तोल जातोय, हात कापतायत, तर मोठ्याने 'थांबा' म्हणा. ओळ थांबते. नाही थांबली तर तो गट तुमचा नाही.

नाव नोंदवण्याआधी म्होरक्याला एवढं विचारा: पाण्यावर सगळे पिईपर्यंत सगळे थांबतात का, आणि मागे कोण असतो? 'बघू, वेळेप्रमाणे' असं उत्तर आलं तर पैसे भरू नका.