जॅझवादकावरचा अभ्यासग्रंथ वाचताना

पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात म्हणा किंवा आणखी कुठे, असा ग्रंथ हाती आला की पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी मागची ध्वनिमुद्रणांची सूची उघडा. तिथे तारीख, साथीदार आणि टेक (म्हणजे एकाच रचनेचं कितव्या वेळचं मुद्रण) दिलेले नसतील तर ते नुसतं चरित्र. खुशाल वाचा, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

टेकचं एवढं काय? सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची रचना 'जायंट स्टेप्स' १ एप्रिल १९५९ला साथीदारांच्या एका संचाबरोबर मुद्रित झाली, ५ मेला दुसऱ्या. पुस्तकात एकाचं नोटेशन आणि कानात दुसरा टेक, की सोलो (एकट्या वादकाचं उत्स्फूर्त वादन) सुरू होताच घोळ.

चर्चच्या संगीतशाळेत सोल्फा (डो-रे-मी) घोटलेल्या गोंयकाराला नोटेशन नवं नाही. अडतं ते पट्टीशी. टेनर सॅक्सोफोनसाठी लिहिलेला सी प्रत्यक्षात बी फ्लॅट वाजतो, शिवाय एक सप्तक खाली. म्हणून नोटेशन वाद्याच्या पट्टीत आहे की पियानोच्या, हे प्रस्तावनेत आधी बघा. मग वेग निम्मा करून, एका वेळी आठच बार (तालाचे खंड) ऐका. बोट ओळीवर ठेवून.