मेकॅनिकलचा अभ्यास: आधी आकृती, मग सूत्र

मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते. गणित अडलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "मॅडम, फॉर्म्युला कुठला लावायचा?" आणि माझाही ठरलेला, "आकृती कुठंय?"

सुरुवात स्टॅटिक्सपासून, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांच्या अभ्यासापासून करा आणि त्यात घाई करू नका. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स, मशीन डिझाइन, व्हायब्रेशन, सगळं त्याच्याच जोरावर चालतं. रोज एक तरी फ्री बॉडी डायग्राम हाताने काढा. वस्तू आजूबाजूपासून सुटी करायची आणि जिथे जिथे आधार काढला तिथे त्याचं बल दाखवायचं. प्रतलातल्या गणितात आधार रोलरचा असेल तर एक बल, पिनचा असेल तर दोन, घट्ट बसवलेल्या टोकाला दोन बलं आणि एक मोमेंट (फिरवणारा परिणाम). एवढं बरोबर झालं की उरतात फक्त समीकरणं.

उत्तर काढण्याआधी अंदाज बांधायची सवय लावून घ्या. २० मिमी चौरस पोलादी सळई, एक टोक घट्ट धरलेलं, लांबी १ मीटर, मोकळ्या टोकावर १०० न्यूटन. किती वाकेल? अंदाज वहीत लिहा, मगच गणित करा. E (यंगचा गुणांक, म्हणजे पोलादाचा ताठरपणा) २०० गिगापास्कल धरला तर उत्तर येतं १२.५ मिमी. आता लांबी दुप्पट करा, वाकणं आठपट होतं. का, ते सूत्रातल्या लांबीच्या घनात शोधा. मग पोलादी पट्टी हातात घ्या, आडवी वाकवून पाहा, उभी वाकवून पाहा. ४० बाय १० मिमीची पट्टी उभी धरली की सोळापट ताठ होते. हे एकदा हाताला कळलं की जडत्वाचा आघूर्ण, म्हणजे छेदाच्या आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध, पाठ करावा लागत नाही.

एककं प्रत्येक ओळीत लिहा, शेवटी चिकटवू नका. स्ट्रेंग्थमध्ये न्यूटन आणि मिलिमीटर धरले की ताण आपोआप मेगापास्कलमध्ये मिळतो.

थर्मोमध्ये (थर्मोडायनॅमिक्स, उष्णता आणि कार्याचा अभ्यास) आधी सिस्टिमची, म्हणजे ज्याचा विचार करतोय त्या भागाची, सीमा तुटक रेषेने आखा. तिच्यातून काय आत येतं, काय बाहेर जातं, बाण काढा. पहिला नियम म्हणजे त्या बाणांचा हिशेब. तापमान केल्व्हिनमध्येच. ३२७ आणि २७ अंश सेल्सियसच्या मधल्या कार्नो इंजिनाची (कागदावरचं आदर्श इंजिन) कार्यक्षमता ५० टक्के आहे. तेच आकडे सेल्सियसमध्ये घातले तर जवळपास ९२ येतात, आणि असं इंजिन कोणालाही बनवता येणार नाही. स्टीम टेबल (वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते) परीक्षेच्या आठवड्यात पहिल्यांदा उघडू नका. इंटरपोलेशनला, म्हणजे तक्त्यातल्या दोन आकड्यांमधली किंमत काढायला, हात बसायला वेळ लागतो.

गणितात डिफरन्शिअल इक्वेशन्स मात्र सोडू नका, त्या व्हायब्रेशन आणि हीट ट्रान्सफरमध्ये पुन्हा भेटतात.

सोडवलेलं उदाहरण वाचून 'समजलं' वाटतं, ते खरं धरू नका. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, दुसऱ्या दिवशी तेच पहिल्यापासून सोडवा. जिथे हात थांबतो तेवढंच शिकायचं राहिलंय. जुन्या प्रश्नपत्रिका त्यानंतर.

कॅडमध्ये सुंदर मॉडेल बनवणारी मुलं टॉलरन्स (मापात किती फरक चालेल) विचारला की गप्प होतात, याचं मला फार वाईट वाटतं. २५ मिमीच्या एच७ (टॉलरन्सचा एक प्रमाणित वर्ग) भोकाच्या मापात शून्य ते अधिक ०.०२१ मिमी एवढाच फरक चालतो. वर्कशॉपमध्ये लेथवर उभे असाल तेव्हा मायक्रोमीटर स्वतः हातात घ्या, ड्रॉइंगवरचं माप आणि प्रत्यक्षातलं माप शेजारी शेजारी लिहा, आणि शाफ्ट (दांडा) भोकात फिरायला हवा की घट्ट बसायला हवा, हे तिथल्या कारागिराला विचारा.