विद्यार्थ्यांचा ऑनलाइन सामायिक आरोग्य प्रकल्प कसा चालवावा

दोन देशांतल्या शाळांनी मिळून आरोग्यावर ऑनलाइन प्रकल्प करायचं ठरवलं की पहिल्या व्हिडिओ कॉलवर मुलं उत्साहाने हात हलवतात. मग दोन्हीकडे ‘संतुलित आहार’ या विषयावर स्लाइड तयार होतात आणि शेवटच्या कॉलवर त्या एकमेकांना दाखवल्या जातात. मुलांना मजा येते, पण एकत्र काम कुठेच होत नाही. एका वर्गाचं दुसऱ्याच्या माहितीवाचून अडेल, अशी आखणी असेल तरच मुलं एकमेकांशी खऱ्या अर्थाने बोलू लागतात. म्हणून सगळ्यात जास्त वेळ प्रश्न ठरवण्यावर घालवा.

प्रश्न असा निवडा

‘आहार’, ‘व्यायाम’, ‘स्वच्छता’ हे विषय झाले. प्रश्न नेमका हवा, मुलांना स्वतः मोजता येईल असा हवा आणि त्याचं उत्तर एकाच वर्गाच्या हाती नसावं. एक चांगला नमुना म्हणजे बाटलीबंद पेयांतली साखर. एकाच नावाचं पेय वेगवेगळ्या देशांत साखरेचं प्रमाण बदलून विकलं जातं, आणि इथल्या मुलांना तिथल्या दुकानातलं लेबल वाचता येत नाही. साहजिकच दुसऱ्या वर्गाची गरज पडते.

मोजमापाला अर्थ यावा म्हणून एक कसोटीही लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ५ टक्क्यांखाली असेल तर उत्तम. एक ग्रॅम साखर म्हणजे सुमारे ४ किलोकॅलरी. २००० किलोकॅलरींच्या आहाराला १० टक्क्यांचा हिशोब ५० ग्रॅमवर येतो. १०० मिलीला १० ग्रॅम साखर असलेल्या पेयाच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३३ ग्रॅम साखर जाते. हे गणित मुलांनाच करू द्या. त्यापुढे उपदेशाची फारशी गरज उरत नाही.

झोप किंवा हालचाल यांवरही प्रकल्प होतो. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असं याच संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र इथे मुलं स्वतःबद्दलची माहिती भरतात, त्यामुळे पुढच्या मुद्द्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

मुलांची शरीरं मोजू नका

याबाबत मी ठाम आहे. वजन, उंची, कंबर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) यांतलं काहीही सामायिक तक्त्यात येता कामा नये. नावं झाकली तरी वर्गात कोण कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि एखाद्या मुलीला तो आकडा वर्षानुवर्षं छळू शकतो. लेबलं, पाण्याचे नळ, मैदानाच्या वेळा, हात धुण्याच्या सोयी असं आजूबाजूचं मोजलं तर कोणाला लाज वाटण्याचं कारण राहत नाही. स्वतःच्या नोंदी घ्यायच्याच असतील तर प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक द्या. कोणता क्रमांक कोणाचा ही यादी कागदावर ठेवा आणि तो कागद शिक्षकाकडेच राहू द्या.

सुरुवातीलाच पालकांची लेखी संमती घ्या. कोणती माहिती गोळा होणार, कोण पाहणार आणि कधी पुसली जाणार हे त्यात साध्या शब्दांत असावं. अनेक ऑनलाइन सेवांना १३ वर्षांची वयोमर्यादा असते. लहान मुलांना वैयक्तिक खाती काढायला लावण्याऐवजी शाळेच्या खात्यावरून काम करा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत जागेची नोंद दडलेली असू शकते, म्हणून फोटो पाठवण्याआधी ती काढून टाका.

आणखी एक तयारी बऱ्याचदा राहून जाते. आरोग्याचा विषय निघाला की एखादं मूल अचानक काहीतरी गंभीर लिहून जातं, जेवण सोडल्याचं किंवा घरातल्या त्रासाचं. अशा वेळी कोणाला कळवायचं हे दोन्ही शाळांनी आधीच ठरवून ठेवावं. गटातल्या मुलांवर तो भार टाकू नये.

जोडीदार आणि वेळापत्रक

पहिल्या खेपेला दोन शाळा पुरे, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. १९८८ पासून चालणारं आयअर्न किंवा २००५ मध्ये युरोपात सुरू झालेलं ईट्विनिंग अशी शाळांना जोडणारी जाळी आहेत. ओळखीतून शिक्षक मिळाला तरी चालतं. तो निरोपाला वेळेवर उत्तर देणारा मात्र हवा.

सहा ते आठ आठवडे ठीक. दोन्ही शाळांच्या परीक्षा आणि सुट्ट्या एकाच कॅलेंडरवर मांडून मगच तारखा ठरवा. थेट कॉल दोन-तीनच ठेवा, बाकी काम ज्याच्या त्याच्या वेळेत होऊ द्या. वेळ यूटीसीमध्येही (जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) लिहा, कारण काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळं बदलतात. तारखेत महिना अक्षरांत लिहा. ०३/०४ म्हणजे कोणाला ३ एप्रिल, कोणाला ४ मार्च.

एकच तक्ता, एकच रीत

दोन्ही शाळांतली मुलं मिसळून चार-पाच जणांचे गट करा. सगळ्यांनी एकाच सामायिक स्प्रेडशीटमध्ये भरावं. दोन फाइली शेवटी जुळवायला गेलात तर रात्री जागाल.

भरण्याआधी नोंदींची रीत लिहून काढा. एका लेबलवर साखर १०० मिलीला दिलेली असते, दुसऱ्यावर एका सर्व्हिंगला, म्हणजे एका वेळी घ्यायच्या प्रमाणाला. कुठे किलोकॅलरी असते, कुठे किलोज्यूल (१ किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ किलोज्यूल). मिठाचा अभ्यास असेल तर काही लेबलांवर फक्त सोडियम दिसतं, त्याला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. मग चाचणी घ्या: तीच पाच लेबलं दोघांनी वेगवेगळी वाचून भरायची आणि आकडे ताडून पाहायचे. जिथे ते जुळत नाहीत तिथली सूचना सुधारा. खरं शास्त्र मुलं इथेच शिकतात, असं मला वाटतं.

भाषा वेगळी असेल तर यांत्रिक भाषांतर चालतं, पण वाक्यं छोटी ठेवा. औषधं, मात्रा किंवा आजारांबद्दलचा मजकूर असेल तर तो जाणकार माणसाकडून तपासून घ्या.

निष्कर्ष आणि पुढे

आकडे आले की मुलं लगेच म्हणतात, ‘त्या देशातले लोक जास्त साखर खातात.’ इथे थांबवा. शाळेजवळच्या दुकानांतल्या तीस बाटल्यांवरून देश कळत नाही, आणि बाटलीत साखर आहे यावरून ती कोण किती पितं तेही कळत नाही. ‘आम्ही पाहिलेल्या बाटल्यांत’ या शब्दांनी वाक्य सुरू करायची सवय लावा.

शेवटी हाती यावं ते कोणाच्या तरी उपयोगाचं असावं: उपाहारगृहासाठी पेयांचा साखरतक्ता किंवा मुख्याध्यापकांना एक नेमकी सूचना. मुलं काय शिकली हे पाहायला तेच चार-पाच प्रश्न सुरुवातीला, शेवटी आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा विचारा.

प्रकल्प संपला की सामायिक दुवे बंद करा, संमतीपत्रात सांगितलेल्या तारखेला नोंदी पुसा आणि क्रमांकांचा तो कागद फाडून टाका. रिकामा तक्ता आणि नोंदींची रीत मात्र जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाचे पहिले दोन आठवडे त्याने वाचतील.