एम्पुरियाब्रावाला सुट्टीला जाताय? मग या चुका टाळा

बार्सिलोनाचं तिकीट काढून झालं की पुढचे चार-पाच दिवस समुद्रावर कुठे राहायचं याची शोधाशोध सुरू होते, आणि मग कधीतरी एम्पुरियाब्रावाचे फोटो समोर येतात. पांढरी घरं, घरासमोर पाणी, आणि दारात गाडी लावावी तशी लावलेली बोट. स्पेनच्या कॅटलोनियात, फ्रान्सच्या बॉर्डरपासून जवळच, रोझेसच्या आखातावर हे गाव आहे आणि ते खरंच सुंदर आहे, त्याबद्दल वादच नाही. पण तिथे जाऊन वैतागणारे लोकही असतात आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं, गाव चालतं पाण्यावर आणि वाऱ्यावर, आणि आपण प्लॅन करतो रस्त्यांच्या आणि हॉटेलच्या फोटोंच्या भरवशावर.

व्हेनिस समजून जाऊ नका

जाहिरातीत याला सर्रास स्पेनचं व्हेनिस म्हणतात. तसं काही नाहीये. १९६७ मध्ये मुगा नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत आणि शेतजमिनीत कालवे खोदून मुद्दाम वसवलेली ही वसाहत आहे, कालव्यांची लांबी जवळपास २४ किलोमीटर, म्हणजे युरोपातल्या या प्रकारच्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी एक. इथे जुने राजवाडे नाहीत, दगडी गल्ल्या नाहीत, व्हिला आहेत, अपार्टमेंट आहेत, बोटी आहेत आणि बीच आहे. जुनं काही बघायचं असेल तर जवळच कास्तेयो द'एम्पुरिएस हे मूळ गाव आहे, एम्पुरियाब्रावा त्याच्याच हद्दीत येतं. तिथलं सांता मारियाचं मध्ययुगीन चर्च आणि अरुंद गल्ल्या एक अख्खी सकाळ देण्यासारख्या आहेत. बरेच जण इतक्या जवळ राहून तिकडे फिरकत पण नाहीत, हे मला फार वाईट वाटतं.

घर बुक करताना अंतर सरळ रेषेत मोजू नका

ही सगळ्यात कॉमन चूक. मॅपवर बीच अगदी समोर दिसतो, सुपरमार्केट समोरच्या काठावर दिसतं, आणि प्रत्यक्षात मधे कालवा असतो. पूल मोजकेच आहेत आणि कितीतरी रस्ते पाण्यापाशी जाऊन संपतात, त्यामुळे समोरच्या घरातल्या माणसाला हात दाखवता येतो पण त्याच्या दारात जायला भलामोठा वळसा पडतो. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर हे फार महाग पडतं. बुक करायच्या आधी मॅपमध्ये चालण्याचा रूट टाकून बीच, दुकान आणि बसस्टॉप, तिन्हीचा वेळ बघा, आणि आधीच बुक करून बसला असाल तर सायकली भाड्याने घ्या, जमीन सपाट आहे त्यामुळे सायकलने निम्मा त्रास कमी होतो.

दुसरं, कालव्याला लागून असलेलं घर म्हणजे बहुतेक वेळा कठडा नसलेलं अंगण, आणि अंगण संपलं की थेट खोल पाणी. दोन-तीन वर्षांचं मूल सोबत असेल तर मी तर म्हणेन कालव्याकाठचं घर घेऊच नका, बीचजवळचं अपार्टमेंट घ्या. अशा घरांच्या भाड्यात बोट बांधायच्या जागेची पण किंमत धरलेली असते, बोट घ्यायचीच नसेल तर ते पैसे कशाला घालवायचे.

जाहिरातीत पर्यटन परवान्याचा नंबर आहे का तेही बघा, या भागात तो HUTG ऐवजी कुठल्याही भलत्याच अक्षरांनी सुरू होत असेल किंवा नंबरच नसेल तर पैसे पाठवू नका. चादरी आणि टॉवेल भाड्यात आहेत का, चावी किती वाजेपर्यंत मिळते, डिपॉझिट किती, हे लेखी विचारून घ्या. पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो, तो माणशी प्रत्येक रात्रीचा असतो पण जास्तीत जास्त ७ रात्रींचाच घेतात, आणि १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना लागत नाही. मुलांचा पण लावला असेल तर शांतपणे बिल दाखवून विचारा.

आकाश निळं आहे म्हणून समुद्र सुरक्षित आहे असं नाही

हे मात्र नीट वाचा.

या भागात त्रामुंताना नावाचा वारा वाहतो, उत्तरेकडून पिरेनीज पर्वत ओलांडून येतो, थंड असतो, कोरडा असतो आणि जोरात असला की ताशी १०० किलोमीटरच्या पण वर जातो. गंमत अशी की त्या दिवशी ढग नसतात, हवा एकदम स्वच्छ, लांबचे डोंगर पण लख्ख दिसतात, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे जात असल्यामुळे किनाऱ्याजवळ लाटाही फारशा नसतात. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र खवळलेला दिसतो आणि माणूस आपोआप लांब राहतो, इथे उलट आहे, पाणी शांत दिसतं म्हणून लोक मुलांना हवेच्या गादीवर बसवून सोडतात आणि ती गादी बघता बघता खोल समुद्राकडे निघते. पॅडलबोर्डचं पण तेच. त्रामुंताना असेल त्या दिवशी हवा भरलेली कुठलीही वस्तू पाण्यात न्यायची नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि कोणी वाहत चाललंच तर त्याने बोर्ड किंवा गादी सोडून पोहत यायचा प्रयत्न करू नये, धरून राहावं, आणि काठावरच्यांनी मागे उडी न मारता लाइफगार्डला बोलवावं किंवा ११२ ला फोन करावा.

बीचवरचा झेंडा रोज बघा, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. आणि कालव्यात पोहायचं नाही, कितीही गरम होत असलं तरी, तिथे पोहायला बंदी आहे आणि बोटींची ये-जा सतत चालू असते.

वारा दोन-तीन दिवस थांबला नाही तर रूममध्ये बसून राहू नका. फिगेरेस जवळच आहे, तिथलं चित्रकार साल्वादोर दालीचं म्युझियम १९७४ मध्ये खुद्द दालीच्या हयातीत सुरू झालं, किंवा जिरोनाला जा, तिथल्या जुन्या शहरात वाऱ्याचा जोर जाणवत नाही. कादाकेसजवळच्या पोर्तयिगातमधलं दालीचं घर बघायचं असेल तर तिकीट आधीच काढा, तिथे छोट्या छोट्या ग्रुपने आत सोडतात, ऐनवेळी जाऊन मिळेल या आशेवर वळणावळणाचा घाट चढून जाऊ नका.

बोट

स्पेनमध्ये ५ मीटरपर्यंतची आणि ११.२६ किलोवॅटपर्यंतच्या इंजिनाची बोट लायसन्सशिवाय चालवता येते, फक्त दिवसा आणि बंदरापासून २ सागरी मैलांच्या आत. कालव्यात फिरायला छोट्या इलेक्ट्रिक बोटी भाड्याने मिळतात आणि खरं सांगायचं तर हे गाव बघायची योग्य पद्धत तीच आहे. चूक इथे होते की लोक स्पीड वाढवतात. कालव्यात हळू जायचं असतं, तुमच्या लाटेने दुसऱ्यांच्या बांधलेल्या बोटी भिंतीवर आपटतात. निघायच्या आधी बोटीवरचे जुने ओरखडे मोबाइलवर शूट करून ठेवा म्हणजे डिपॉझिटवरून वाद होत नाही, आणि कुठल्या कालव्यातून वळलो ते लक्षात ठेवा, सगळे कालवे सारखेच दिसतात, लोकेशन सेव्ह केलेलं बरं.

पोचण्यातला घोळ

गावात रेल्वे स्टेशन नाही. जवळचं शहर फिगेरेस, आणि तिथे स्टेशनं दोन आहेत. बार्सिलोनाहून हायस्पीड ट्रेन तासाभरात फिगेरेस-विलाफांतला पोचवते पण ते स्टेशन शहराबाहेरच्या बाजूला आहे, साधी ट्रेन जवळपास दुप्पट वेळ घेते पण शहरात उतरवते आणि बसस्टँड तिथून जवळ पडतो. पुढची बस कुठून आहे ते बघूनच ट्रेन ठरवा. गाडी चालवणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, आणि मोठ्या एपी-७ हायवेवर बार्सिलोनाहून इकडे येताना २०२१ पासून टोल नाही, जुन्या ब्लॉगमधले टोलचे आकडे धरू नका.

व्हिसाचं एवढंच, फ्रान्स आणि स्पेन दोन्ही करणार असाल तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज, दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट लवकर संपतात.

शाकाहारी असाल तर

मेन्यूत सँडविचपुढे "वेहेताल" लिहिलेलं दिसलं की लगेच ऑर्डर करू नका, त्यात बऱ्याचदा ट्यूना मासा आणि अंडं असतं. भाज्यांचा पाएया (स्पेनचा भाताचा प्रकार) पण माशाच्या स्टॉकमध्ये शिजवलेला असू शकतो, विचारा. त्यातल्या त्यात मागवण्यासारखं म्हणजे टोमॅटो चोळलेला ब्रेड, बेदाणे आणि चिलगोज्यांसारख्या बिया घातलेला पालक, आणि भाजलेली वांगी-सिमला मिरची असते ती एस्कालिवादा, फक्त वरून अँचोवी (छोटे खारवलेले मासे) नको म्हणून सांगायचं कारण शेजारचं लेस्काला अँचोवीसाठीच प्रसिद्ध आहे. जेवणाच्या वेळा पण उशिराच्या असतात, संध्याकाळी साडेसहाला मुलांना भूक लागली तर बऱ्याच ठिकाणी किचन बंद, तेव्हा घरात खिचडीचं सामान असू द्या.

पार्क चुकवू नका, आणि मच्छर विसरू नका

गावाला लागूनच आइग्वामोल्स नावाचं पाणथळ अभयारण्य आहे. सत्तरच्या दशकात याच किनाऱ्यावर आणखी एक अशीच वसाहत होणार होती, लोकांनी ती अडवली आणि १९८३ मध्ये ही जागा कायद्याने राखीव झाली. करकोचे, बगळे, कितीतरी स्थलांतरी पक्षी, आणि चालायला सोप्या वाटा. सकाळी लवकर जा, दुर्बीण न्या, आणि मच्छरांसाठी क्रीम लावूनच निघा, संध्याकाळी तर घरातही लागेल. ऑगस्टमध्ये सगळा युरोप इथे लोटतो आणि भाडी चढतात, त्यामुळे शाळेची अडचण नसेल तर सप्टेंबर धरा, समुद्र तेव्हाही उबदार असतो आणि पक्ष्यांचं स्थलांतर पण सुरू झालेलं असतं.